प्रेअरीतली फुलपाखरं जानेवारीत कुठे असतात?

वाचकांचे प्रश्न

उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरीच्या, म्हणजे विस्तीर्ण गवताळ मैदानांतल्या, फुलपाखरांवरचे प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. बहुतेकांनी जून-जुलैबद्दल, म्हणजे फुलांच्या दिवसांबद्दल विचारलं आहे. पण इथल्या पुष्कळ जाती पंखांवर असतात जेमतेम तीन-चार आठवडे. वर्षाचा बाकी काळ अंडं, अळी आणि कोष या अवस्थांत, गवताच्या बुडाशी जातो. त्यामुळे उत्तरं देताना आम्हाला वारंवार हिवाळ्याकडे वळावं लागलं आहे.

आमच्या गावाबाहेर दहा वर्षांपूर्वी मक्याच्या जुन्या शेतात प्रेअरी पुन्हा उभी केली. जुलैत कोनफ्लॉवर, ब्लेझिंग स्टार, बर्गमॉटनं सगळी जमीन झाकून जाते. मोनार्क येतात, पण रीगल फ्रिटिलरी ही फुलपाखराची जात आजवर दिसली नाही. आमचं काय चुकतंय? (आयोवा)

पेरलेल्या बियाण्याची यादी काढा आणि त्यात व्हायोलेट हे बुटकं फुलझाड होतं का ते पाहा. बहुधा नसेल. रीगलची अळी व्हायोलेटखेरीज काहीही खात नाही. प्रेअरीत ती मुख्यतः कातरलेल्या पानांच्या प्रेअरी व्हायोलेटवर आणि बर्ड्सफूट व्हायोलेटवर वाढते. ही झाडं वीतभरही उंच नसतात, फुलतात एप्रिल-मेमध्ये, आणि त्यांचं बी गोळा करणं जिकिरीचं असतं. बोंड पिकलं की तडकतं आणि बिया लांब उडतात. म्हणून पिकत आलेल्या प्रत्येक बोंडावर जाळीची बारीक पिशवी बांधावी लागते. इतका खटाटोप असल्यामुळे हे बी महाग पडतं आणि मिश्रणातून सर्वांत आधी तेच वगळलं जातं.

आता रीगलचं वर्ष पाहा. नर जूनच्या मध्याला बाहेर पडतात, माद्या थोड्या मागाहून. मीलन लगेच होतं, पण मादी अंडी घालते ती थेट ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरात. मधले दोन महिने ती मकरंदावर काढते. म्हणजे तुमच्या जुलैच्या बहराइतकीच ऑगस्ट-सप्टेंबरची फुलंही महत्त्वाची: उशिरा फुलणारे ब्लेझिंग स्टार, थिसल, बर्गमॉटचा शेवटचा बहर. इथे थिसल म्हणजे देशी काटेरी जाती. त्या तण समजून उपटू नका.

एक मादी हजाराहून जास्त अंडी घालते, पण व्हायोलेट शोधून नेमकी त्यावर नाही. वाळक्या पात्यावर, काडीवर, जिथे बसेल तिथे. दोन मिलिमीटरची अळी बाहेर येते, अंड्याचं कवच खाते आणि दुसरं काहीही न खाता पालापाचोळ्यात शिरते. ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल ती तशीच उपाशी. वसंतात तिला स्वतःच्या पायांनी व्हायोलेटपर्यंत पोचायचं असतं. हजारांतल्या फार थोड्या पोचतात. व्हायोलेट इथे एक, तिथे एक असं विखुरलेलं असेल, तर त्याही पोचत नाहीत.

म्हणून बी शिंपडण्याऐवजी रोपं तयार करा आणि दहा-पंधरा रोपांचे पुंजके करून, रोपांत फूटभर अंतर ठेवून लावा. बी रुजवण्यापूर्वी ते दोन महिने ओल्या वाळूत, थंडीत ठेवावं लागतं. रोपं लावाल ती जागा बिग ब्लूस्टेम आणि इंडियन ग्रासच्या गर्दीतली नको. ही गवतं दोन मीटरवर जातात आणि पेरलेल्या प्रेअरीत हमखास माजतात. लिटल ब्लूस्टेम या ठेंगण्या गवताचा उघडा, कोरडा उतार निवडा. आयोवातल्याच नील स्मिथ राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात याच क्रमानं काम झालं: आधी व्हायोलेट लावली, मग रीगलच्या माद्या आणून सोडल्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. तुमची जमीन पाच-दहा एकर असेल आणि जवळपास रीगलची वस्ती नसेल, तर व्हायोलेट लावूनही ती येईलच असं नाही. तिला सलग, मोठी जमीन लागते. अमेरिकेत उंच गवताची प्रेअरी एके काळी सुमारे १७ कोटी एकर होती. त्यातली ४ टक्क्यांहूनही कमी उरली आहे आणि तीही मुख्यतः कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये, कारण तिथल्या खडकाळ, उथळ मातीत नांगर चालला नाही. रीगलची पूर्वेकडची उपजात आता पेनसिल्व्हेनियातल्या फोर्ट इंडियनटाउन गॅप या एकाच लष्करी तळावर उरली आहे. ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकी संघराज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेनं पूर्वेकडची उपजात ‘संकटग्रस्त’ आणि पश्चिमेकडची ‘धोक्यात’ ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. तरीही व्हायोलेट लावाच. छोट्या फ्रिटिलरींच्या अळ्याही त्यावरच जगतात आणि त्या तुमच्याकडे येतील.

शेजारच्या राखीव प्रेअरीला दर एप्रिलमध्ये आग लावतात. प्रेअरीला आग हवीच, असं सांगतात. मग आत झोपलेल्या अळ्यांचं काय होतं? (मिनेसोटा)

जळालेल्या भागातल्या बहुतेक मरतात. यात आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही.

आग हवी हेही खरं. जाळलं नाही, चारलं नाही, कापलं नाही, तर काही वर्षांत झुडपं घुसतात, रेड सीडर हा वृक्ष माजतो, आणि पंधरा-वीस वर्षांत गवताची जागा झाडोरा घेतो. मग फुलपाखरंही गेली आणि व्हायोलेटही. जाळावं की नाही, हा वाद आम्हाला निष्फळ वाटतो. किती जाळलं, कधी जाळलं आणि काय शिल्लक ठेवलं, यावर सगळं ठरतं.

पूर्वीच्या वणव्यात शेकडो मैलांच्या गवतातला एखादा पट्टा जळायचा, ओलसर खोलगटी सुटायच्या आणि न जळलेल्या भागातून फुलपाखरं परत यायची. आज चाळीस एकरांचा तुकडा चहूबाजूंनी सोयाबीन-मक्यानं वेढलेला असतो. तो एका दुपारी सगळा जाळला, तर परत यायला कोणी उरत नाही. डकोटा स्किपर ही फुलपाखराची छोटी जात किलोमीटरभरापलीकडे सहसा जात नाही. दहा किलोमीटरवरच्या वस्तीचा तिला काही उपयोग नाही.

कोणती अळी कुठे असते यावर तिचं मरण अवलंबून असतं. रीगलची अळी पालापाचोळ्यात, म्हणजे नेमकं जे जळतं त्यातच. पोवेशिक स्किपरलिंग या दुसऱ्या छोट्या फुलपाखराची अळी गवताच्या पात्यालाच चिकटून हिवाळा काढते, तिला कसलाच आडोसा नाही. डकोटा स्किपरची अळी गवताच्या बुडाशी रेशमानं विणलेल्या घरट्यात, जमिनीलगत किंवा किंचित खाली असते. माती ओली आणि गार असताना, वसंताच्या अगदी सुरुवातीला आग गेली तर तिच्यापैकी काही वाचतात. मेमध्ये अळी खायला वर आलेली असते, तेव्हा वाचण्याची शक्यता फार कमी.

राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापकांकडे मागणी करायची असेल तर ती अशी करा. एका वर्षात एक तृतीयांशाहून जास्त जाळू नये. जमीन लहान असेल तर चौथा-पाचवा भागच. एका तुकड्याला पुन्हा आग तीन ते पाच वर्षांनी. प्रत्येक तुकड्यात उंचवटा आणि खोलगट दोन्ही येतील अशी आखणी हवी. सगळे उंचवटे एकाच वर्षी गेले तर तिथली वस्तीच संपते. आणि जाळताना जे ठिपके आपोआप सुटतात, ते नीटनेटकेपणासाठी पुन्हा पेटवू नयेत. पुढच्या वर्षीची फुलपाखरं त्याच ठिपक्यांतून निघतात.

आणखी एक फसगत होते. जळलेल्या भागात त्या उन्हाळ्यात फुलं जास्त येतात आणि शेजारच्या न जळलेल्या भागातली फुलपाखरं तिथे मकरंदाला गोळा होतात. जुलैत तिथे मोजणी केली तर आगीमुळे फुलपाखरं वाढली, असा निष्कर्ष निघतो. ती जन्मली कुठे, हे त्या मोजणीत दिसत नाही.

डकोटा स्किपर कशी ओळखायची? आमच्या कुरणात छोटी नारिंगी स्किपर पुष्कळ आहेत. (नॉर्थ डकोटा)

त्यातली बरीचशी युरोपियन स्किपर असणार. ती १९१०मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत पहिल्यांदा आढळली, टिमथी गवतावर वाढते आणि आता सगळीकडे आहे. ती सडपातळ, तिच्या मिशांची टोकं बोथट, आणि पंखाच्या नारिंगी रंगाला काळसर कड. डकोटा स्किपरचं शरीर जाडजूड, मिशांच्या टोकाला बारीक आकडा, पंखविस्तार इंचभर. नराच्या पुढच्या पंखावर एक काळी तिरपी रेघ असते आणि मागच्या पंखाची खालची बाजू पिवळसर, जवळजवळ कोरी. मादी करडी-तपकिरी, खालून फिकट ठिपके.

रंगापेक्षा जागा आणि तारीख जास्त भरवशाची. डकोटा स्किपर कधीही न नांगरलेल्या जमिनीवर, जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दिसते. अरुंद पानांच्या कोनफ्लॉवरवर बसलेली हमखास. ऑगस्टच्या शेवटी दिसली तर ती दुसरी कोणतीतरी जात. जाळीनं पकडू नका. २०१४पासून तिला संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे. मिटलेल्या पंखांचा खालून एक आणि उघड्या पंखांचा वरून एक, असे दोन फोटो घ्या आणि राज्याच्या वन्यजीव विभागाला पाठवा.

आमच्या न नांगरलेल्या कुरणात स्मूद ब्रोम हे परकं गवत पसरतंय. गुरांना ते आवडतं. फुलपाखरांना त्यानं काय त्रास? (साउथ डकोटा)

वेळेचा त्रास. ब्रोम आणि केंटकी ब्लूग्रास ही थंड हवेतली गवतं एप्रिलमध्ये हिरवी होतात आणि ऐन उन्हाळ्यात रखरखीत होऊन आडवी पडतात. स्किपरची अळी अंड्यातून निघते जुलैत. तिला त्या वेळी जमिनीलगत हिरवं, बारीक पात्याचं गवत हवं असतं, म्हणजे लिटल ब्लूस्टेम, प्रेअरी ड्रॉपसीड, साइडओट्स ग्रामा. शिवाय या परक्या गवतांच्या वाळक्या पात्यांचा जाड थर साचतो आणि त्याखाली फुलझाडांची कोवळी रोपं गुदमरतात.

उपाय गुरांकडेच आहे. एप्रिलच्या अखेरीपासून मेमध्ये, ब्रोम कोवळं आणि देशी गवतं अजून झोपेत असताना, गुरं दाट संख्येनं थोडे दिवस सोडा आणि जूनच्या सुरुवातीला बाहेर काढा. हे दरवर्षी त्याच तुकड्यावर करू नका. बाकीच्या काळात गवत किमान वीतभर उभं राहील इतकंच चारा. गवत कापून साठवायचं असेल तर कापणी सप्टेंबरात, कापणीयंत्राच्या पात्याची उंची २० सेंटिमीटर ठेवून.

रुंद पानांच्या तणांवरचं तणनाशक सरसकट फवारणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. नको असलेला थिसल मरतो, आणि त्याच्याबरोबर कोनफ्लॉवर, लेडप्लांट, प्रेअरी क्लोव्हरही. नको असलेल्या झाडावर हातपंपानं तेवढंच औषध मारा. शेजारी सोयाबीन असेल तर मावा आल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये कीटकनाशकाची फवारणी होते, त्याच दिवसांत अळ्या कोवळ्या असतात. वारा तुमच्याकडे वाहत असताना फवारू नये, इतकं शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा.

घरामागे १०० चौरस मीटर लॉन आहे. त्याची प्रेअरी करायची आहे. बी किती, कधी, कसं? (इलिनॉय)

बी टाकण्याआधी अख्खा एक हंगाम लॉन मारण्यात घालवा. या कामात घाई केली की तिसऱ्या वर्षी पुन्हा लॉनच दिसतं. मेमध्ये गवत अगदी खाली कापून त्यावर काळी ताडपत्री पसरा, कडा मातीत गाडा आणि ऑक्टोबरपर्यंत हलवू नका. नंतर जमीन खणू नका, उलथू नका. खणलं की खोलवर पडलेलं तणांचं बी वर येतं. दाताळ्यानं मेलेलं गवत ओढून माती उघडी करा, पुरे.

बी वजनावर घेऊ नका, संख्येवर घ्या. दर चौरस मीटरला सुमारे ५४० बिया हा चांगला अंदाज, म्हणजे तुम्हाला ५४,०००. ब्लॅक-आइड सुझनच्या एका ग्रॅममध्ये ३,०००हून जास्त बिया असतात, कॉमन मिल्कवीडच्या ग्रॅममध्ये दीडशेही नसतात. दोन्ही सारख्या वजनानं टाकलीत तर सगळी बाग सुझनची होईल. लिटल ब्लूस्टेमच्या १०,००० बिया १९-२० ग्रॅममध्ये बसतात.

एकूण बियांत फुलझाडं दोन तृतीयांश, गवत एक तृतीयांश. गवतांत लिटल ब्लूस्टेम, साइडओट्स ग्रामा, प्रेअरी ड्रॉपसीड. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास आणि स्विचग्रास एवढ्या जागेत नकोतच. फुलांत मे ते ऑक्टोबर सलग काहीतरी फुललेलं असावं: कोनफ्लॉवर, बटरफ्लाय वीड, बर्गमॉट, पर्पल प्रेअरी क्लोव्हर, रफ ब्लेझिंग स्टार आणि शेवटी दोन-तीन जातींचे अॅस्टर. अॅस्टर फक्त मकरंदासाठी नाहीत, पर्ल क्रेसेंटची अळी त्यांचीच पानं खाते. व्हायोलेट रोपांनी लावा.

पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात. बी दहापट ओलसर वाळूत मिसळा म्हणजे कुठे पडलं ते दिसतं. निम्मं उत्तर-दक्षिण चालत, निम्मं पूर्व-पश्चिम चालत टाका. वरून माती घालू नका. पायानं किंवा रूळ फिरवून नुसतं दाबा. हिवाळ्याचं गोठणं-वितळणं बी मातीत ओढून घेतं. खत अजिबात नको, नत्र मिळालं की तण आधी उसळतं.

पहिल्या उन्हाळ्यात फक्त तण दिसेल, आणि लोक इथेच हात टेकतात. तण गुडघ्यापर्यंत आलं की १५ सेंटिमीटरवर कापा, हंगामात तीन-चार वेळा. तुमची रोपं त्याच्या खाली असतात, ती मुळं वाढवत असतात. तण उपटू नका, सोबत रोपंही निघतात. दुसऱ्या वर्षी थोडी फुलं, खरा बहर तिसऱ्या वर्षी. शरद ऋतूत बाग ‘साफ’ करू नका. वाळके देठ आणि पाला हिवाळाभर तसाच राहू द्या आणि वसंतात एक तृतीयांशच कापा, दरवर्षी वेगळा भाग.

मिल्कवीडचं बी दोनदा पेरलं, एकही रोप उगवलं नाही. (विस्कॉन्सिन)

त्याला थंडी मिळाली नाही. बी ओल्या वाळूत मिसळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास किमान ३० दिवस ठेवा. ४५ झाले तर आणखी चांगलं. वाळू मुठीत दाबली तर पाणी ठिबकता कामा नये, नाहीतर बुरशी धरते. मग अर्धा सेंटिमीटर खोल, उबदार मातीत पेरा. किंवा सरळ नोव्हेंबरात बाहेर पेरा. बटरफ्लाय वीडचं सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून ते लहान असतानाच कायमच्या जागी लावा. मिल्कवीड रुईच्या कुळातलं आहे आणि त्यावर पिवळा मावा येतोच. पाण्याच्या धारेनं तो पाडा. औषध मारलंत तर मोनार्कच्या अळ्या आधी मरतील. रोपवाटिकेतून रोप आणताना त्याला आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, कीटकनाशक दिलं आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

समारंभासाठी मोनार्क विकत आणून सोडले तर संख्या वाढायला मदत होईल ना?

नाही, कृपया सोडू नका. दाटीवाटीनं वाढवलेल्या मोनार्कमध्ये ओई नावाचा एकपेशीय परजीवी झपाट्यानं पसरतो. त्याचे बीजाणू पोटावरच्या खवल्यांत असतात, मादी अंडी घालताना ते पानावर सांडतात आणि अळी ते खाते. जास्त बाधित फुलपाखराचे पंख कोषातून निघताना चुरगळलेलेच राहतात. तेवढ्याच खर्चात मिल्कवीडची रोपं येतील.

पोवेशिक स्किपरलिंग नक्की कशामुळे संपली?

एकच कारण सिद्ध झालेलं नाही. आयोवातल्या पोवेशिक काउंटीचं नाव असलेलं हे फुलपाखरू आयोवातच राहिलेलं नाही. मिशिगनमधल्या दलदलीच्या काही प्रेअरी आणि कॅनडातल्या मॅनिटोबात उंच गवताची थोडी प्रेअरी, एवढ्याच जागी ते उरलं आहे. तुकडे लहान आणि एकाकी होणं, चुकीच्या वेळची आग, परकी गवतं, कीटकनाशकं ही सगळी संशयित आहेत. चटका लावणारी गोष्ट अशी, की चांगल्या राखलेल्या प्रेअरीतूनही ते नाहीसं झालं. मिनेसोटा प्राणिसंग्रहालय आणि इतर काही संस्था ते बंदिस्त जागेत वाढवून मिशिगनमध्ये सोडत आहेत.

आम्ही चार मित्र मोजणी करू इच्छितो. शास्त्रज्ञांना उपयोगी पडेल अशी पद्धत सांगा.

एक ठरावीक वाट आखा, किलोमीटरभराची, आणि ती बदलू नका. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्याच चौकटीतली फुलपाखरं मोजा. बाहेरचं कितीही देखणं असलं तरी नाही. वेग सारखा ठेवा. सकाळी १० ते दुपारी साडेतीन, ऊन, मंद वारा. तापमान १३ अंशांखाली असेल तर मोजू नका, ढगाळ असेल तर १७ अंशांखाली. मे ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा. एक मोजणारा, एक लिहिणारा अशी जोडी करा, म्हणजे मान खाली घालून लिहिताना काही निसटत नाही. इलिनॉयमध्ये १९८७पासून स्वयंसेवक अशाच वाटा चालत आहेत. अमेरिकेभरातल्या अशा ३५ उपक्रमांच्या ७६ हजारांहून अधिक नोंदी एकत्र करून २०२५मध्ये निष्कर्ष निघाला, की २००० ते २०२० या काळात तिथल्या फुलपाखरांची संख्या २२ टक्क्यांनी घटली.

ज्या दिवशी काहीच दिसलं नाही त्या दिवसाचा तक्ताही भरून पाठवा. शून्य आलं म्हणून तक्ता टाकून दिला, तर फक्त चांगले दिवस नोंदले जातात आणि घट दिसेनाशी होते.